गाजरं चिरायची संध्याकाळ

किती माणसं, आधी तेवढं सांगा,
म्हणाला हमदम आचारी,
आणि चहाचा पेला उपडा घालून बसला.

दादा म्हणाला, अडीचशे.
वहिनी म्हणाली, शंभर तर
तुमच्या रेशीम कारखान्यातलेच.
मी वहीत अडीचशे लिहिलं, खोडलं,
तीनशे लिहिलं,
शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, विळ्याएवढं.

तेवढ्यात ताश्कंदहून व्याह्यांचा फोन:
रात्रीचा हॉल आमच्याकडे लागला,
मेयोनेजच्या तीन कोशिंबिरी,
तोंडात लिंबू धरलेला अख्खा मासा,
आणि केक, ज्याला जिना आहे.
दादा हो हो म्हणत राहिला.
फोन ठेवल्यावर म्हणाला,
ज्यांना जिना चढून खायचंय त्यांनी खुशाल खावं.
पहाटेचा पुलाव माझ्या अंगणात होईल.

मर्गिलानच्या बाजारात त्याने तीन दुकानं पालथी घातली.
देवझिरा तांदूळ तळहातावर चोळून बघायचा,
लाली लागली तर खरा,
नाही लागली तर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार.
चौथ्या दुकानात हात लाल झाला,
तसाच घरी आला, धुतला नाही,
ओयदिनला दाखवला.
ती मोबाइलवर सासूशी बोलत होती.

हमदमचा हिशेब:
आठ माणसांमागे किलोभर तांदूळ,
तेवढंच गाजर, तेवढंच मांस,
चरबी दुंब्याच्या मर्जीप्रमाणे,
आणि सगळ्यावर एक वाटी जास्तीची.
कुणासाठी, विचारलं मी.
ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, त्याच्यासाठी.

गल्लीतली नावं वाचताना
मी एक घर ओलांडलं होतं,
दारापुढचा पाट ओलांडतो तसं, खाली न बघता.
अकरा वर्षं झाली.
तुतीचं झाड होतं. भिंत त्यांची, फांद्या आमच्या,
का उलट, आता कुणालाच धड आठवत नाही.
ओयदिन तेव्हा फांदीवर बसून
तोंड काळंनिळं करून घ्यायची.
झाड गेलं. बुंधा राहिला, अबोला राहिला.

आदल्या संध्याकाळी पुरुष जमले,
ज्याची त्याची सुरी, ज्याचा त्याचा पाट.
आम्ही बायका धुवून धुवून देत होतो
चाळीस किलो पिवळी गाजरं,
पाणी बर्फासारखं, बोटं बधिर.
कुणी तांदळाचा भाव काढला, कुणी जावयाचा पगार.

आणि एर्गाश आला.
फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन.
सलाम केला, तोही जमिनीकडे बघून,
सगळ्यात टोकाला बसला,
एक गाजर उचललं.

सगळ्या सुऱ्या थांबल्या.
त्याची तेवढी चालू राहिली.
हमदम कढईत डोकं घालून
नसलेला डाग घासत बसला.

दादा बघत होता, एर्गाशकडे नव्हे,
त्याच्यापुढच्या ढिगाकडे.
मग म्हणाला,
एवढं बारीक नको. कढईत विरघळतं.

एर्गाशने सुरी फडक्याला पुसली.
तुझ्या सुरीला धार नाही, म्हणाला,
म्हणून तुझं जाड निघतं.

आण इकडे, म्हणाला दादा.
आणि त्याची सुरी हातात घेऊन
अंगठ्यावर धार बघत राहिला
गरजेपेक्षा बराच वेळ.

मी ओल्या हातानेच वही उघडली.
लिहिलं: एर्गाशकडचे, सात.
मग आठवलं, त्याची आई
मागच्या हिवाळ्यात गेली,
तिरडी आमच्याच दारावरून नेली,
आणि आमचं दार लावलेलं होतं.

सात खोडलं. सहा केलं.
तांदूळ सातांचाच ठेवला.